गोल बसवलं म्हणून सगळे सारखे होत नाहीत

मुलांना गोल बसवलं की शिक्षकाची सत्ता संपते, हे वर्गातल्या बैठकीवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. प्रौढशिक्षणाचे अभ्यासक स्टीफन ब्रुकफिल्ड हेच तर सांगतात, बुजऱ्या मुलाला गोलात लपायला जागाच उरत नाही. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात वर्गात सातपुड्यातली पावरा आदिवासी पोरं आहेत, "बोल ना, घाबरू नको" म्हटलं की मान खाली घालून सतरंजीचे दोरे उपटत बसतात, तिकडे अहिराणीवाली पोरं धडाधड उत्तरं देतात आणि आपण खूश की वर्ग बोलतोय!

ब्रुकफिल्डांचीच पद्धत वापरून मी दर शनिवारी बिननावाची चिठ्ठी लिहून घेते, या आठवड्यात कधी गप्प बसावंसं वाटलं? पावरीत लिहा, चित्र काढा, काहीही चालतं. बऱ्याच जणांनी लिहिलं, मॅडम जवळ येऊन उभ्या राहतात तेव्हा. लेखात मुलांना विचारण्याबद्दल एक ओळ तरी हवी होती.