'फ्रीरेन'मध्ये काहीच घडत नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 2023 च्या ऑक्टोबर सीझनमधल्या (जपानी टीव्हीचा ऑक्टोबर ते डिसेंबरचा मोसम) सर्वोत्तम नव्या ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, मालिकांच्या माझ्या यादीवर तुम्ही चांगलीच तोफ डागली आहे. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं, असे तुमचे मुद्दे नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नंतर येणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'फ्रीरेन'ला पहिला नंबर देणं हा निव्वळ शहाणपणा मिरवण्याचा प्रकार, चार भाग पाहिले तरी त्यात फुलं शोधण्यापलीकडे काहीच घडत नाही; दुसऱ्या नंबरची 'द अपोथेकरी डायरीज' म्हणजे राजवाड्यातली सासू-सुनांची सीरियल; आणि 'जुजुत्सु काइसेन'चं शिबुया प्रकरण गाळणाऱ्याला ॲनिमेतलं ओ की ठो कळत नाही.

शेवटचं आधी उरकतो. यादी नव्या मालिकांची होती. 'जुजुत्सु'चा तो दुसरा सीझन, आणि तोही जुलैत सुरू झालेला. त्याच न्यायाने 'स्पाय फॅमिली'चा दुसरा सीझन आणि नोव्हेंबरात आलेला 'अटॅक ऑन टायटन'चा शेवटही बाहेर राहिला. शिबुया मी पाहिलंय, मप्पा स्टुडिओच्या ॲनिमेटरांनी त्यात जीव ओतलाय, वादच नाही. पण 'जुजुत्सु'मधला गोजो कोण हेच ज्याला माहीत नाही, त्याला आज रात्री थेट ते कसं बघायला सांगणार? माझी यादी त्या माणसासाठी होती.

आता फ्रीरेन. तुम्ही नेमके चार भागांवर थांबलात, हे एका परीने बरंच झालं. ते चार भाग 29 सप्टेंबर 2023 च्या शुक्रवारी निप्पॉन टीव्ही या जपानी चॅनेलने एका दमात, दोन तासांचा खास कार्यक्रम म्हणून दाखवले होते. तेही कुठे, तर जिथे एरवी सिनेमे लागतात, घिब्ली स्टुडिओचे ॲनिमेशनपट पिढ्यांनी जिथे पाहिले, त्या शुक्रवार रात्रीच्या जागी. टीव्ही मालिकेचा शुभारंभ तिथे होण्याची ती पहिलीच वेळ. चॅनेलचा भरवसा हा काही दर्जाचा पुरावा नव्हे, हे मलाही कळतं. म्हणून त्या दोन तासांत घडतं काय, तेच बघू.

राक्षसराजाविरुद्धची दहा वर्षांची मोहीम संपवून चौघं परत येतात, तिथून गोष्ट सुरू होते. दर पन्नास वर्षांनी होणारा उल्कावर्षाव बघताना त्यांच्यातली जादूगार फ्रीरेन सहज म्हणून जाते की पुढच्या खेपेला याहून चांगली जागा दाखवीन. ती एल्फ, म्हणजे दीर्घायुषी जमातीतली, हजार वर्षांहून जास्त जगलेली; तिला पन्नास वर्षं म्हणजे काय! पन्नास वर्षांनी ती उगवते तीसुद्धा मोहिमेचा नायक हिमेल याच्याकडे ठेवायला दिलेलं एका काळ्या ड्रॅगनचं शिंग परत न्यायला. हिमेल आता टकला, ठेंगणा म्हातारा. शिंग त्याने कपाटात जपलेलं असतं, त्यातून सतत कसलीतरी अभद्र वाफ येत असूनही. तिने जाता जाता टाकलेली वस्तू. त्याच्या लेखी ती सोबतिणीने विश्वासाने सोपवलेली ठेव. मालिका इथे ना संगीत चढवत, ना कुणाला रडवत. शिंग हातात येतं आणि गोष्ट पुढे सरकते. थोड्याच वेळात हिमेलचा अंत्यविधी होतो आणि फ्रीरेनला तिथे उभ्या उभ्या कळतं की या माणसाला आपण जाणून घेतलंच नाही.

तुम्ही याला संथ म्हणता. मला तर एवढ्या वेगाने पळणारी दुसरी मालिका त्या सीझनमध्ये दिसली नाही. चार भागांत जवळजवळ ऐंशी वर्षं जातात! पडद्यावर अधूनमधून 'हिमेलच्या मृत्यूनंतर इतकी वर्षं' अशी पाटी येते आणि मधला सगळा काळ गडप. आपण जेमतेम पापणी लववतो तोवर अनाथ पोर फेर्न मोठी होऊन चेटूक शिकलेली असते. संथ आहे ती फ्रीरेन, मालिका नव्हे. दिग्दर्शक केइइचिरो साइतो यांनी याआधी 'बोच्ची द रॉक' ही विनोदी मालिका केली होती, म्हणजे या माणसाला धावपळ आणि गोंधळ दाखवता येत नाही असंही नाही. इथे त्यांनी हात आखडता घेतलाय तो ठरवून.

फुलांवरून तुम्ही टोमणा मारलात, पण तिसऱ्या भागातल्या क्वालबद्दल एक अक्षर नाही. ऐंशी वर्षांपूर्वी या राक्षसाच्या मारक मंत्रापुढे कोणतंही चिलखत, कोणतीही जादू टिकत नव्हती, म्हणून त्याला हरवण्याऐवजी मोहोरबंद करून ठेवावं लागलं. मोहोर सुटते, तो तोच मंत्र फेकतो, आणि फेर्न तो सहज अडवते. कारण दरम्यान माणसांनी त्या मंत्राचा इतका कीस पाडलेला असतो की तो आता नवशिक्यांनाही शिकवला जाणारा साधा हल्ल्याचा मंत्र झालाय. शस्त्रांच्या स्पर्धेचा अख्खा इतिहास एका चकमकीत बसवलाय, आणि आचरट आरडाओरडा शून्य.

हाणामारीच हवी असेल तर दहाव्या भागापर्यंत जा. (पुढचं वाक्य स्पॉयलर आहे, न पाहिलेल्यांनी उडी मारावी.) राक्षसीण आउराच्या तराजूचा (ज्याची जादूई ताकद जड, तो दुसऱ्यावर हुकूम चालवतो) सामना शेवटी एका आज्ञेवर संपतो, पण ते पारडं फिरावं म्हणून फ्रीरेनने आयुष्यभर आपली ताकद दडवून ठेवलेली असते.

उलट माझी तक्रार वेगळीच आहे. पहिला सीझन 28 भागांचा. उत्तरार्धात चेटकिणींची आणि जादूगारांची परीक्षा सुरू होते तेव्हा नव्या पात्रांची एवढी गर्दी होते की कोण कोणाच्या गटात हे लक्षात ठेवताना दमछाक होते. तिथे फाइट्स भरपूर आहेत, म्हणजे बहुधा तुम्हाला नेमका तोच भाग आवडेल.

'अपोथेकरी'बद्दल थोडं. राजवाडा आहे, राण्या आहेत, मत्सर आहे. तुमची शंका रास्त. पण पहिल्याच भागात राण्यांची तान्ही मुलं आजारी पडतात तेव्हा सगळे शाप-शाप म्हणत असतात आणि साधी नोकराणी असलेली माओमाओ ओळखते की दोष तोंडाला फासायच्या पांढऱ्या पावडरीतल्या शिशाचा आहे. आपलं नाव पुढे येऊ नये म्हणून ती फाडलेल्या कापडावर इशारा लिहून, ऱ्होडोडेंड्रॉनच्या डहाळीला बांधून खिडकीशी ठेवते. एक राणी ऐकते, तिची मुलगी वाचते. दुसरी ऐकत नाही. राज्य कल्पनेतलं, साम्राज्यकाळच्या चीनच्या धर्तीवरचं. विष मात्र खरं. शिशाच्या अशाच पावडरीने जपानात काबुकी नटांना बाधा झाल्याचं नोंदलेलं आहे. आपल्याकडच्या कुठल्या सासू-सुनांच्या सीरियलमध्ये पावडरीचा डबा तपासून गुन्हा उकलतात ते कळवा, मी आजच बघायला घेतो.

तिसऱ्या नंबरच्या 'प्लूटो'वर तुम्ही काहीच बोलला नाहीत, याचं मला जास्त नवल वाटलं. वाद घालायला तीच खरी जागा होती. नेटफ्लिक्सवर आठही भाग एका दिवशी आले, मग तिला सीझनमधली मालिका धरायची की नाही? मी धरली, कारण स्कॉटलंडमध्ये राहणारा संगीतकार आणि त्याचा यंत्रमानव नोकर यांची ती पहिल्या भागातली गोष्ट मला यादीबाहेर ठेववेना.

आणि एक राहिलंच. माझा पहिला नंबर चुकीचा, हे तुम्ही सांगितलंत, पण त्या जागी कोण हे लिहिलंच नाही. जुन्या मालिकेचा पुढचा सीझन चालणार नाही. ऑक्टोबर 2023 मधली नवी मालिका हवी. नाव सांगा, पहिले चार भाग पाहून इथेच उत्तर देतो.