लाभक्षेत्रात कॅमेरा कधी येणार?

"फारच अस्वस्थ करणारा होता हो." पुण्यात एखादा माहितीपट संपला की पार्किंगमध्ये हे वाक्य ऐकू येणारच. ॲमेझॉनचं जंगल असो, पॅलेस्टाइन असो, नाहीतर प्रशांत महासागरात बुडत चाललेलं बेट असो, वाक्य तेच. त्याआधी सभागृहात प्रश्नोत्तरं झालेली असतात. "माझा प्रश्न नाहीये, मला फक्त थोडं बोलायचंय" म्हणून एक गृहस्थ माइक धरून बसलेले असतात. "आपण सामान्य माणसं काय करू शकतो?" हेही विचारून झालेलं असतं आणि "निदान आणखी चार जणांना दाखवा" असं उत्तर मिळालेलं असतं. मग आपण चार जणांना दाखवतो. तेही अस्वस्थ होतात.

टोमणा मारतेय असं वाटेल. थोडा मारतेयच. पण दोष फक्त प्रेक्षकांना देऊन चालणार नाही. इतकी वर्षं हे असले सिनेमे बघून माझं एक मत पक्कं झालंय. पोस्ट लांबणार आहे, घाईत असणाऱ्यांनी खुशाल पुढे सरकावं.

धरणाच्या पाण्याखाली जातं ते बुडीत क्षेत्र, आणि ज्याला ते पाणी मिळतं ते लाभक्षेत्र. पर्यावरण, विस्थापन, मानवी हक्क या विषयांवरचे बहुतेक माहितीपट बुडीत क्षेत्रात चित्रित होतात आणि लाभक्षेत्रात दाखवले जातात. लाभक्षेत्र स्वतः मात्र पडद्यावर कधी येत नाही. ज्यांचं गाव गेलं त्यांचा चेहरा अगदी जवळून दिसतो, सुरकुत्या मोजता येतील इतका. ते गाव ज्यांच्यासाठी गेलं ते अंधारात खुर्च्यांवर बसून हे सगळं बघत असतात. शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आकडा येतो की जगात १२ कोटींहून जास्त माणसं बळजबरीने घराबाहेर काढली गेली आहेत. (संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेचा २०२४ अखेरचा हा आकडा, खरा आहे.) त्यातून कोणाचं किती भलं झालं, याची पाटी मी आजवर पाहिलेली नाही.

पूर्वी याच्या बरोबर उलट होतं. थिएटरात मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनची रिळं सक्तीने बघावी लागत, ती माझ्या वयाच्या लोकांना आठवत असतील. १९४८ साली निघालेली ती सरकारी संस्था. तिच्या लेखी धरण म्हणजे नायक! काँक्रीट, क्रेन, सांडव्यावरून उसळणारं पाणी, डोलणारी शेतं आणि निवेदकाचा खर्जातला आवाज. लाभक्षेत्र भरपूर दिसायचं, उठवलेली गावं दिसायची नाहीत. ऐंशीच्या दशकापासून कॅमेरा दुसऱ्या काठाला गेला आणि फार बरं झालं गेला. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांच्या 'नर्मदा डायरी'सारखं (१९९५) काम झालं नसतं, तर नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्राचीही ३३ गावं होती, त्यातलं मणिबेली बुडिताच्या अगदी तोंडाशी होतं, हे पेठांमध्ये किती जणांना कळलं असतं? पण काठ बदलताना कॅमेऱ्याने पहिला काठ सोडूनच दिला.

दोन्ही काठ एकाच चौकटीत आणता येतात. ज्यांनी ते केलंय त्यांचे सिनेमे माझ्या डोक्यातून जात नाहीत.

युंग चँग या दिग्दर्शकाचा 'अप द यांगत्झे' (२००७) घ्या. चीनमधल्या थ्री गॉर्जेस धरणाने सुमारे १३ लाख माणसं हलवली. या आकड्याने कोणाला काय होतं? काही नाही. चँगने काय केलं, तर बुडणाऱ्या नदीकाठचा 'शेवटचा निरोप' घ्यायला आलेल्या परदेशी पर्यटकांच्या क्रूझवर कॅमेरा नेला. त्याच जहाजाच्या स्वयंपाकघरात एक सोळा वर्षांची मुलगी भांडी घासायला लागते, आणि तिच्या आईबापांची झोपडी त्याच नदीच्या काठावर, चढत्या पाण्यात जायची आहे. वर डेकवर फोटो काढणारी मंडळी आणि खाली ती. पाठीवर सामान बांधून चढ चढणारा तिचा बाप. पर्यटकांना खलनायक ठरवायचा मोह दिग्दर्शकाला झालेला नाही. ते हसरे, सभ्य, चांगली टीप देणारे लोक आहेत. आपल्यासारखेच. म्हणून तर बघताना चुळबुळ होते.

हुबर्ट झाउपरचा 'डार्विन्स नाइटमेअर' (२००४) माशाचा माग काढत जातो. टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराकाठी म्वांझा नावाचं शहर आहे. तिथून नाइल पर्च या माशाचे स्वच्छ कापलेले तुकडे मालवाहू विमानांनी युरोपला रवाना होतात आणि उरलेली डोकी नि सांगाडे तळून स्थानिक लोक खातात. युरोपातल्या जेवणाच्या टेबलावर कॅमेरा जात नाही, पण विमान जातं, आणि तेवढं पुरतं. ('तो सिनेमा बघितल्यापासून मी मासे सोडले' असं सांगणारी एक मैत्रीण आहे. तिला मासे आधीही आवडत नव्हते.)

माशांवरून आठवलं, सर्वनिक कौर यांचा 'अगेन्स्ट द टाइड' (२०२३) मराठी माणसाने बघायलाच हवा, एकतर त्यातली माणसं आपली भाषा बोलतात. मुंबईचे दोन कोळी मित्र. राकेश बापाच्या छोट्या होडीवर, जुन्या पद्धतीने. गणेश परदेशात शिकून आलेला, मोठी बोट, मोठं कर्ज आणि बंदी असलेल्या एलईडी दिव्यांच्या मासेमारीकडे ओढला जाणारा. इथे नुकसान करणारा आणि नुकसान सोसणारा एकाच ओसरीवर बसून दारू पितात, एकमेकांच्या बाळाचं कौतुक करतात. समुद्र कोणी रिकामा केला? फक्त गणेशने? गणेश पेठेच्या मासळी बाजारात रविवारी पापलेटची रांग लागते, ती काय अवकाशातून येते?

आणि 'नो अदर लँड'. २०२५ च्या मार्चमध्ये त्याला ऑस्कर मिळालं, तेव्हाही अमेरिकेत तो वितरित करायला कोणी पुढे आलं नव्हतं. वेस्ट बँकमधल्या मसाफेर यट्टातली घरं पाडली जातात, लष्करी सरावाचं क्षेत्र या नावाखाली. पाडकाम खूप आहे, बुलडोझर खूप आहेत, पण सिनेमाचा जीव आहे बासेल आणि युवाल यांच्या मैत्रीत. एक पॅलेस्टिनी, एक इस्रायली, दोघंही चार दिग्दर्शकांपैकी. युवाल गाडीत बसून घरी जाऊ शकतो, बासेलला परवान्याशिवाय तिकडे पाऊल टाकता येत नाही. युवालची कळकळ खरी आहे, त्याची मोकळीकही खरी आहे, आणि सिनेमा यातलं काहीच झाकत नाही. नुसतेच पाडकामाचे दोन तास असते तर मी रडले असते आणि झोपले असते.

मग असं जास्त वेळा का होत नाही? माहितीपट करणाऱ्या एका मित्राशी यावर चांगलंच वाजलं माझं. त्याचं म्हणणं, लाभार्थ्याच्या दिवाणखान्यात घडतं काय? कोणी रडत नाही, काही पडत नाही, अशा गोष्टीला पैसे कोण देणार? यात तथ्य आहे. पण खरं कारण मला दुसरंच वाटतं. झोपडीला कडी नसते, कॅमेरा सरळ आत जातो. सोसायटीच्या गेटवर नोंदवही असते, वर सेक्रेटरीची परवानगी, आणि 'आमचा चेहरा दाखवायचा नाही' असं बजावणारा वकील भाचा. गरिबाला नाही म्हणायची सवय नसते. पटवर्धनांच्या 'हमारा शहर'मध्ये (१९८५) घर पाडलं गेलेली एक बाई उलट दिग्दर्शकावरच चिडते, तुमच्या शूटिंगने आम्हाला काय मिळणार म्हणून. त्यांनी ते कापलं नाही. आणि त्याच सिनेमात झोपडपट्ट्यांबद्दल सुखवस्तू मुंबईकर आणि वरचे अधिकारी काय बोलतात तेही आहे, त्यांच्याच तोंडून. चाळीस वर्षं झाली. त्यानंतर त्या घरांच्या आत किती कॅमेरे गेले?

आता आपल्या गावाकडे.

पानशेत म्हटलं की पुण्याला धरण फुटलेलं आठवतं. बांधलेलं कोणालाच आठवत नाही. १२ जुलै १९६१ घराघरांत जिवंत आहे: पाणी कुठवर आलं, कोणाचा वाडा बसला, गोखलेनगर आणि लोकमान्यनगर कसं वसलं. असायलाच हवं. पण ज्या धरणाचं पाणी त्या दिवशी शहरात आलं, त्याच्या पोटातली गावं त्याआधी उठली होती आणि नंतर धरण पुन्हा बांधलं गेलं. त्या गावांची नावं मी माझ्या ओळखीच्या अस्सल पेठी पुणेकरांना विचारून पाहिली. एकालाही सांगता आली नाहीत. दर जुलैत मात्र पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला धरणसाखळीत किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी झालं हे आम्हाला तोंडपाठ. एकूण क्षमता २९.१५, दशांशासकट!

यात गंमत अशी की सिनेमाला जे जमलं नाही ते महाराष्ट्राच्या कायद्याने १९७६ साली कागदावर तरी केलं होतं. बाबा आढाव आणि त्यांच्या बरोबरीने लढणाऱ्या धरणग्रस्तांची घोषणा होती, 'आधी पुनर्वसन, मग धरण'. त्या रेट्यातून देशातला पहिला पुनर्वसन कायदा आपल्या राज्यात झाला. त्याचं सूत्र साधं होतं: ज्याला पाणी मिळणार त्याने जमीन द्यायची. लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदाराला स्लॅब लागायचा, म्हणजे जमिनीतला ठरलेला हिस्सा धरणग्रस्तांसाठी द्यावा लागायचा, सातबाऱ्यावर पुनर्वसनाचा शिक्का बसायचा. अंमलबजावणीची रड वेगळी, ती लिहायला दुसरी पोस्ट लागेल. पण गुंतलेल्या दोन्ही बाजू एकाच कागदावर होत्या.

आणि मग लाभार्थीच बदलला. भामा आसखेड धरण आखलं शेतीसाठी. आज त्याचं पाणी बंद नळातून पुण्याच्या पूर्व भागाला येतं, २०२१ पासून. धरणग्रस्तांनी जलवाहिनीचं काम किती वेळा बंद पाडलं ते खेड तालुक्यात कोणालाही विचारा. आमच्या टॉवरमध्ये सातबारा नसतो. फ्लॅटला स्लॅब लागत नाही. पाणी घ्यायचं, पण ज्याच्यावर शिक्का मारता येईल असं आमच्याकडे काहीच नाही. अख्ख्या शहराची या हिशेबातून सुटका झाली आणि कोणाला कळलंही नाही.

पुण्यातल्या नदीकाठ सुधारणेच्या वादात साबरमतीचे फोटो दाखवले जातात तेव्हाही हेच. अहमदाबादला त्या देखण्या काठांमध्ये जे पाणी दिसतं ते मुख्यतः नर्मदेच्या कालव्यातून सोडलेलं असतं. म्हणजे तो मणिबेलीच्या गोष्टीचा पुढचा भाग आहे, फक्त तिथे कॅमेरा ड्रोनवर असतो आणि सूर जाहिरातीचा असतो.

हवामानबदलावरच्या सिनेमांत तर लाभक्षेत्र आणखी धूसर. प्रशांत महासागरातल्या किरिबाटी या बेटांच्या देशातल्या इओआने तेतिओताने न्यूझीलंडकडे आसरा मागितला, नाकारला गेला. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीचा निर्णय जाहीर झाला. तो त्याच्या विरोधात गेला, पण हवामानबदलाने जीव धोक्यात असेल तर माणसाला परत पाठवणं हक्कांचा भंग ठरू शकतो, हे तत्त्व त्यात आलं. १९५१ च्या निर्वासितांच्या करारात समुद्राने हाकललेल्या माणसाला जागा नाही. हे सगळं सांगणारे सिनेमे बघून आपण लगेच अमेरिकेकडे बोट दाखवतो. दाखवावंच, त्यांचं माणशी वार्षिक कार्बन उत्सर्जन १४ टनांच्या आसपास, आपलं दोनच्या. पण ते दोन टन ही सरासरी आहे. त्यात नंदुरबारचा भिल्लही आहे आणि बाणेरचं दोन एसयूव्हीवालं कुटुंबही. सरासरीच्या आड लपायला आपल्याला फार आवडतं.

'म्हणजे आता दोन्ही बाजू दाखवायच्या का, टीव्हीवरच्या चर्चेसारख्या?' असा आक्षेप येईल. नाही हो. लाभार्थ्याला बचावाची संधी द्या असं मी म्हणतच नाही. तो पडद्यावर दिसू द्या, एवढंच. तो अंघोळ करताना, टाकी भरून वाहताना, मेंटेनन्सच्या मीटिंगमध्ये टँकरच्या बिलावरून भांडताना.

मला असा सिनेमा बघायचाय: भामा आसखेडच्या पाण्याबरोबर निघायचं आणि खराडीच्या एखाद्या टॉवरच्या गच्चीवर पोचायचं. मधे जलशुद्धीकरण केंद्र, रात्री पाणी सोडणारा माणूस, टँकरवाला, सोसायटीचा चेअरमन. पियानो नको. ड्रोन एकदाच, तोही लागलाच तर. आणि कृपा करून शेवटी वॉचमन धरणग्रस्तच निघतो वगैरे योगायोग नकोत.

बुडीत क्षेत्राचं चित्रण बऱ्याच जणांकडे आहे, चळवळीतल्या मित्रांकडे तर डिस्कच्या डिस्क भरून. मला दुसरीकडचं हवंय. कोणाच्या घरी पानशेतनंतरच्या वसाहतींची, नव्या नळजोडांची, पहिल्यांदा पाणी आलं त्या दिवसाची जुनी आठ मिलिमीटरची रिळं किंवा व्हीएचएस असेल, कोणी पाणीपुरवठ्यात नोकरी केली असेल, कोणाची सोसायटी कॅमेरा आत येऊ द्यायला तयार असेल, तर कळवा. माझ्या ओळखीत दोन तरुण मुली शूट करायला तयार आहेत, त्यांचा स्वतःचा कॅमेरा आहे. गेटवरची परवानगी तेवढी मिळत नाहीये.