गोळा खाणारा येशू

चर्चमध्ये ढोलकी-पेटी आली की उपासना लोकांची झाली, असं आपण वसईकर कॅथलिक सर्रास धरून चालतो. मला ते पटत नाही.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषा आणि स्थानिक संगीताला वाट करून दिली. पुढच्याच वर्षी अर्जेंटिनाच्या आरिएल रामिरेस यांनी 'मिसा क्रिओया' रचली. चारांगो (गिटारसारखं छोटं तंतुवाद्य), ढोल, अस्सल लोकताल. शब्द मात्र मिस्साचे, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचे, नेहमीचेच, स्पॅनिशमधले. जगभर गाजली. २०१४ साली तर पोप फ्रान्सिस यांच्या मिस्सात थेट सेंट पीटर्समध्ये गायली गेली.

आता निकाराग्वाची 'मिसा कांपेसिना' बघा. शेतकऱ्यांची मिस्सा. कार्लोस मेहिया गोदोय यांनी ती १९७५ मध्ये रचली, कवी-धर्मगुरू एर्नेस्तो कार्देनाल यांच्या सोलेन्तिनामे बेटांवरच्या वस्तीशी तिची नाळ जुळलेली. तिच्यातला देव पेट्रोल पंपावर ट्रकचे टायर तपासतो, न लाजता लॉटरीची तिकिटं विकतो, मजुरीसाठी रांगेत उभा राहतो. बागेत दोस्तांबरोबर बर्फाचा गोळा खातो आणि सिरप कमी पडलं तर कुरकुरतोसुद्धा! (माझा जीव या गोळ्यावरच जडलाय.) मिस्सातल्या 'हे प्रभो, दया कर'च्या जागी येशूला साकडं घातलंय: आमचा हो, पिळणाऱ्यांचा होऊ नकोस.

झालं! हुकूमशहा सोमोसाच्या नॅशनल गार्डने गाणाऱ्यांना हुसकावलं, आर्चबिशपांनी चर्चमध्ये बंदी घातली. गिटार-मारिंबा कुणालाच खुपले नव्हते.

गरिबांची बाजू घेणाऱ्या या धर्मविचारात मार्क्सवाद शिरला, ही तक्रार तेव्हाही होती. १९८४ साली व्हॅटिकनने ती लेखी मांडली. त्या काळातली काही गाणी नुसत्या घोषणा आहेत, कबूल. पण टायर तपासणाऱ्या देवात मार्क्स कुठून आला? नाझरेथचा येशूही सुतारच होता की.

आणि आपण? फादर दिब्रिटोंनी पाण्यासाठी, जमिनीसाठी, गुंडगिरीविरुद्ध अख्खी वसई रस्त्यावर उतरवली. मी जातो त्या चर्चमध्ये मात्र गाण्यात अजून मेंढपाळ, कोकरं, कुरणं. टँकर नाही, बिल्डरने गिळलेली वाडी नाही, पहाटेच्या लोकलला टोपल्या चढवणारी बाई नाही. राग भूप, पण शेत येशूच्या गालीलचं.

एक तरी प्रवेशगीत आपल्या वाडीतलं हवं. चाल जुन्या लग्नगीताची चालेल. कुणी लिहिणार असेल तर सांगा, पेटीवर मी बसतो. फादरांची परवानगी काढणं तेवढं दुसऱ्या कुणीतरी बघा.