नळ गळतोय तो दुबईमुळे नव्हे

गणपती जवळ आले की कोकणातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर साधारण असा: ‘सरकारच्या पैशावर आयटीआय करायची आणि आखातात पळायचं. म्हणून कोकणात साधा प्लंबर मिळत नाही आणि आयटीआयचा दर्जाही घसरला. पाच वर्षं जिल्ह्यात काम करण्याचा बाँड घेतल्याशिवाय प्रवेश देऊ नका.’ मी काही वर्षं वेल्डर ट्रेडला शिकवलं, म्हणून यंदाही दहा जणांनी तो मला पाठवला. एकदाच उत्तर देतो.

आधी प्लंबर. तो मिळत नाही हे खरं, पण कधी मिळत नाही? मे महिन्यात आणि गणपतीत. चाकरमानी येतात, वर्षभर कुलूप लावलेली घरं एकाच आठवड्यात उघडतात आणि सगळ्यांना मोटार, नळ, फ्लशची टाकी आजच दुरुस्त करून हवी असते. एरवी पावसाळ्यात बांधकामं थंडावतात आणि निम्मी वाडी बंद. बाकीचे महिने त्या प्लंबरने काय खायचं?

‘आखातामुळे गावं रिकामी झाली’ हेही अर्धवट. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये १६,१५,०६९. सिंधुदुर्गाचीही घटली. २०११ ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. हे पुरुष गेले ते मुख्यतः मुंबई-ठाण्याला, गिरण्यांच्या काळापासून मळलेल्या वाटेने. म्हसळा, श्रीवर्धन, दापोली, खेडकडच्या काही गावांत आखात मोठं आहे, नाही म्हणत नाही. पण तिथे जाणाऱ्यांत ड्रायव्हर, स्वयंपाकी, दुकानातले सेल्समनही असतात, ज्यांनी आयटीआयचं तोंड पाहिलेलं नाही. आणि विरार लोकलला लटकणाऱ्या आपल्या फिटरवर कुणी मेसेज काढत नाही!

आता दर्जा. इथे मात्र मेसेज उलटा आहे. वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा. टेबलावर सपाट पट्ट्या ठेवून जोडायला शिकलेला मुलगा ग्रील आणि शेडची कामं आयुष्यभर करू शकतो. आखातात रिफायनरीचं काम हवं असेल तर मुंबईत ट्रेड टेस्ट, म्हणजे प्रत्यक्ष काम करून दाखवायची परीक्षा, द्यावी लागते, आणि तिथे बहुधा ‘सिक्स-जी’ मागतात. पाइप ४५ अंशांत तिरका, पक्का बसवलेला. तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं: खालून, बाजूने, डोक्यावरून. रूट, म्हणजे जोडाचा सगळ्यात आतला थर, आर्गन वायूच्या वेल्डिंगने, वरचे थर साध्या आर्क वेल्डिंगने. मग एक्स-रे. आत पोकळी दिसली की घरी जा. माझ्या वर्गात वेळ संपल्यानंतर थांबून ‘सर, पाइपवर घ्या ना’ म्हणणारी पोरं होती, ती बाहेर जायच्या आशेवरच. त्यातली बरीच गेलीच नाहीत. कुणी लोट्याच्या एमआयडीसीत आहे, कुणी जयगडला. हात मात्र सगळ्यांचे तयार झाले.

फिलिपिन्समध्ये हे मोजलंही गेलंय. अमेरिकेने २००० नंतर परदेशी नर्सना जास्त व्हिसे दिले. अबारकार आणि थिओहरिडीस या संशोधकांना आढळलं की बाहेर गेलेल्या एका नर्समागे देशात सुमारे नऊ नव्या नर्सना परवाना मिळाला. अर्थात तिथे नर्सिंग शिकायच्या जागा झटपट वाढल्या. आपल्याकडे आयटीआयला एक मशीन यायला किती वर्षं लागतात ते विचारू नका. नऊचा आकडा कोकणाला लावता येणार नाही, पण माणसं गेली म्हणून शिक्षण आटतंच, असं नाही.

बाँडबद्दल थोडक्यात. बाँड घेता तर नोकरी द्या. अ‍ॅप्रेंटिसचा किमान स्टायपेंड २०१९ च्या नियमांत महिन्याला ५ ते ९ हजार होता. त्या आशेवर पाच वर्षं कोण अडकून घेईल? गरीब घरचा पोरगा प्रवेशच घेणार नाही, हेल्पर म्हणून जाईल. शिवाय याच राज्य सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला. तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर तर कोकणातल्याच सावंतवाडीचे. म्हणजे एका हाताने पाठवायचं आणि दुसऱ्याने बाँड लिहून घ्यायचा?

एक नुकसान मात्र खरं आहे आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाही. जातात ते पंचविशी-तिशीतले, चार-सहा वर्षं काम केलेले. म्हणजे नवख्याला हाताखाली घेणारा उस्तादच नाहीसा होतो. तो पन्नाशीला परत येतो, पण शिल्प निदेशक, म्हणजे आयटीआयचा शिक्षक, व्हायचं तर डिग्री, डिप्लोमा नाहीतर ट्रेडचं प्रमाणपत्र लागतं आणि वर निदेशकाचं प्रशिक्षण. आमच्या तालुक्यात एक जण आहे, वीस वर्षं पाइपलाइनवर काढून आलेला. आठवड्यातून दोन दिवस फुकट शिकवायला तयार आहे. त्याच्याकडे आयटीआयचं प्रमाणपत्र नाही, कारण तो वेल्डिंग शिकला थोरल्या भावाच्या हाताखाली, लांज्याच्या एका गॅरेजात.