‘नाही म्हणा’ असे सांगणे सोपे आहे, हा आपला आक्षेप मान्य

आपली प्रतिक्रिया सविस्तर आणि रोखठोक आहे, त्यामुळे उत्तरही जरा लांबणार आहे. प्रोजेक्ट इंजिनिअरने न झेपणाऱ्या तारखेला सरळ नाही म्हणावे आणि तसे लेखी कळवावे, असे मी डेडलाइनच्या ताणावरील लेखात लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, ठेकेदाराच्या पगारावरच्या मुलाने नाही म्हटले, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो. आणि लेखी कळवणे ही जबाबदारी झटकण्याची सोय आहे.

पहिला मुद्दा मला मान्य आहे. ते वाक्य लिहिताना मी माझ्या आजच्या खुर्चीवरून बोललो. मी स्वतः साइटवर होतो तेव्हा कधी नाही म्हणालो होतो, हे आठवून पाहिले, तर वेगळेच काही आठवते.

काही वर्षांपूर्वी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या कार्यालयाचे काम माझ्याकडे होते. मालकांनी अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरला होता आणि स्लॅबचे काँक्रीट ओतले गेले ते मुहूर्ताच्या १६ दिवस आधी. हॉलच्या बीमचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, ६ मीटरहून मोठा होता. आयएस ४५६ या काँक्रीटकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे, साधे ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंट असले तरी, अशा बीमखालचे टेकू २१ दिवस हलवायचे नसतात. म्हणजे ५ दिवसांची तूट पहिल्याच संध्याकाळी दिसत होती. मी ती मोजली होती, सांगितली मात्र नव्हती. नवव्या दिवशी मालक टेकूंच्या गर्दीत वाकून आत आले आणि म्हणाले, “उद्या हे काढून घ्या, फरशीवाले येतायत.” मी म्हणालो, “बघतो साहेब.” त्यांनी त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला, माझ्या मनात ‘नाही’ होते. पुढच्या तीन रात्री मी झोपलोच नाही, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण सेंट्रिंगवाल्याने परस्पर टेकू तर काढले नाहीत ना, हे पाहायला एकदा पहाटे चारला मोटारसायकल काढून साइटवर जाऊन आलो, हे खरे आहे.

बाराव्या दिवशी मी एका कागदावर दोन रकाने आखले. एकात हॉलचे टेकू निघण्याची तारीख, दुसऱ्यात तोपर्यंत होऊ शकणारी कामे. पुढच्या दोन खोल्यांचा स्लॅब साडेचार मीटरच्या आतला आणि थेट भिंतींवर टेकलेला होता. त्याचे ७ दिवस केव्हाच उलटले होते, त्यामुळे तिथली फरशी आणि रंग लगेच सुरू करता येणार होता. त्या कागदावर ‘नाही’ हा शब्द कुठेच नव्हता. मालक चिडले. आमच्या साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारले, “हे स्लॅबच्या दिवशीच का नाही बोललास?” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पूजा पुढच्या खोलीत झाली आणि हॉल मागाहून उघडला.

जबाबदारी झटकण्याचा आरोप मात्र मला पटत नाही. त्याच साइटच्या डायरीत आणखी एक नोंद आहे. इथल्या उष्ण, कोरड्या हवेत काँक्रीटला किमान १० दिवस पाणी मारावेच लागते. एके दिवशी टँकर आला नाही आणि स्लॅबवरची बारदाने दुपारी पापडासारखी कडक झाली होती. दुसरा टँकर सांगून ठेवणे हे माझे काम होते आणि मी ते केले नव्हते. ही चूक माझ्याच अक्षरात, तारखेसह लिहिलेली आहे.

आपले साहेब कागद वाचतच नाहीत, असे आपण लिहिता. तिथे माझा उपाय तोकडा पडतो, हे कबूल करायला हवे. तरीही सुरुवात टेकूंपासून न करता मजुरांपासून करून पाहा. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, आषाढीला निम्मी माणसे पंढरपूरच्या वाटेवर असतात, हे सोलापुरात कोणाला सांगावे लागत नाही. तरी बार चार्टवर, म्हणजे कामाच्या वेळापत्रकाच्या तक्त्यावर, त्या आठवड्यांतही पूर्ण हजेरी धरलेली असते. ते आठवडे कामाच्या पहिल्याच महिन्यात चार्टवर पेन्सिलने खुणा करून साहेबांसमोर ठेवले, तर त्यात कोणाचा मान दुखावत नाही, आणि पुढे तारीख हलवायची वेळ आली तर निदान बोलणे तिथून सुरू करता येते.

मूळ लेखातले ‘सरळ नाही म्हणावे’ हे वाक्य मी आज काढून टाकले आहे आणि त्या जागी ‘पहिल्याच दिवशी हिशेब दाखवावा’ असे लिहिले आहे.