आधी भाच्याला फोन लावा

घरातल्या कम्प्युटरचं वाय-फाय बंद पडलं की पहिली खबरदारी ही घ्यायची, की मोबाइलवर तेच वाय-फाय चालतंय का, हे चुकूनही बघायचं नाही. बघितलंत आणि मोबाइलवर चालत असलं, तर राउटर आणि बाहेरची लाइन दोघंही निर्दोष सुटतात. दोष कम्प्युटरचा, हे अर्ध्या मिनिटात ठरून जातं. मोबाइलवरही नसलं, तर कम्प्युटर बहुधा सुटतो. दोन्हीकडून खेळ लवकर संपतो. मग रविवारची अख्खी दुपार करायचं काय? त्यापेक्षा तिघांनाही एकाच कोठडीत ठेवा आणि ‘नेट गेलं’ एवढंच जाहीर करा. आपल्याकडे लाइट जाते, पाणी जातं, तसं नेट जातं. आणि गेलेल्याबद्दल फार खोदून विचारू नये, अशी आपली रीत आहे.

काही उत्साही मंडळी कम्प्युटरला वायर लावून बघा म्हणतात. राउटरमधून वायर थेट जोडली आणि नेट आलं, तर लाइन ठीक, बिघाड फक्त हवेतला. अशा मंडळींना चहा द्या आणि विषय बदला. वायर आहे. ती माळ्यावर, आकाशकंदिलाच्या खोक्यात आहे. म्हणजे दिवाळीपर्यंत थांबणं आलं.

राउटर कुठे ठेवावा, हे त्याच्या खोक्यावर छापलेलं असतं: घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळ्या जागी. नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये तो दाराशेजारच्या शोकेसमध्ये आहे, कारण बसवायला आलेल्या मुलाची वायर तिथवरच पुरली आणि तो म्हणाला, ‘काका, इथं मस्त रेंज आहे.’ तो उभा होता तिथे होतीच. शोकेसला काच. काचेमागे आईने भांडी बाजारातून आयुष्यभर हौसेने जमवलेलं पितळ: दोन समया, एक कळशी आणि आंघोळीच्या कामातून निवृत्त झालेलं घंगाळ. राउटर त्या घंगाळात बसतो. शप्पथ. फक्त अँटेनांची टोकं काठावरून डोकावतात, आंघोळीला बसवलेलं पोर डोकावतं तशी. वर क्रोशाचा रुमाल, धूळ बसू नये म्हणून. लहरी धातूवर आदळून मागे फिरतात हे शाळेत शिकलोय. पण तांब्या-पितळेसाठी नाव कमावलेल्या गावात सिग्नलसाठी घंगाळ हलवायचं म्हणजे जरा जास्तच झालं. रुमालाखाली राउटर हात लावू नये इतका तापतो. आईला वाटतं, बिचारा किती काम करतोय.

नावांचा घोळही नीट सांभाळावा लागतो. हल्लीचे बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याचा वेग कमी, पण भिंती ओलांडायची चिकाटी जास्त. दुसरा पळतो झकास, पण दोन भिंतींत दमतो; पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या भिंतीपुढे तर तो पहिल्याच खोलीत हात टेकतो. म्हणून यादीत आपल्याच घराची दोन नावं दिसतात, एक साधं आणि एक शेपटीला ‘५जी’ लावलेलं. हा ५जी म्हणजे मोबाइलचाच ५जी, अशी समजूत करून घेणं फार गरजेचं आहे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी तशी करून घेतली. आधी सिमकार्ड बदललं, मग फोन बदलला. त्यांचा लॅपटॉप जुना, त्याला ५ गिगाहर्ट्झची भाषाच येत नाही. ते नाव त्याच्या यादीत कधी उमटणारच नव्हतं. काका अजून वाट बघतायत. नव्या फोनवर मात्र खूश आहेत.

२.४च्या पट्टीत एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. आमच्या इमारतीत फ्लॅट सोळा. म्हणजे संध्याकाळी सातला द्वारका चौकात जे होतं तेच, फक्त हॉर्न ऐकू येत नाहीत. त्यात शेजारच्या काकू दुपारी एकला मायक्रोवेव्हमध्ये वरण गरम करतात. मायक्रोवेव्हही त्याच २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि त्यातून थोडं बाहेर झिरपतंच. तिकडे वरणाला वाफ आली की इकडे मीटिंगमध्ये साहेबांचं तोंड उघडं ते उघडंच राहतं. (याची मला फारशी तक्रार नाही.) चॅनल बदलता येतो. त्यासाठी राउटरच्या सेटिंगमध्ये शिरावं लागतं, आणि तिथला पत्ता, १९२.१६८.१.१ किंवा तसलाच काहीसा, राउटरच्या पोटावरच्या लेबलवर असतो. बहुतेकदा पासवर्डही तिथेच असतो. तेव्हा राउटर उलटा करू नका. घंगाळात तो होतही नाही.

त्याऐवजी सोसायटीच्या ग्रुपवर विचारा. तिथे कोणीतरी ‘डीएनएस बदला, आठ आठ आठ आठ टाका’ म्हणून सांगेलच. डीएनएसचं काम वेबसाइटच्या नावाचा आकडी पत्ता शोधून देणं, एवढंच; आठ आठ आठ आठ हा गूगलच्या डीएनएसचा आकडा. पण सिग्नल नाही, आठ आठ आठ आठ. स्पीड नाही, आठ आठ आठ आठ. प्रिंटर चालत नाही, तरी आठ आठ आठ आठ. अंगाऱ्यासारखं लावायचं. पोटदुखीपासून परीक्षेपर्यंत सगळ्याला एकच पुडी.

राउटर बंद करून चालू करणं हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो, म्हणून तो काळजीपूर्वक बिघडवावा लागतो. बटण बंद केल्यावर निदान अर्धा मिनिट थांबायचं असतं, आतली उरलीसुरली वीज ओसरून सगळं कोरं व्हावं म्हणून. आपण बंद आणि चालू एका श्वासात करायचं, तव्याला बोट लागल्यासारखं. त्यानेही भागलं नाही तर मागचं बारीक भोक शोधा. तिथे ‘रीसेट’ असं लिहिलंय, आणि नाव कसं आश्वासक आहे! आमच्या घरात टाचणी सापडली नाही म्हणून बायकोच्या कानातल्या कुड्याची काडी आत घातली आणि दहा आकडे मोजले. सगळे दिवे एकदम लागले, मग एकदम विझले. देवळात आरती झाल्यासारखं प्रसन्न वाटलं. राउटर कारखान्यातून आला तेव्हा जसा होता तसा झाला: वाय-फायचं नाव गेलं, पासवर्ड गेला, लाइन सुरू करणारं कंपनीचं युजरनेम गेलं. सकाळी एकटा लॅपटॉप बंद होता. दुपारपर्यंत टीव्ही, प्रिंटर आणि जिन्यातला कॅमेराही त्याच्या पंगतीला बसले. युजरनेम लिहिलेला कागद आम्ही जपून ठेवला होता. आकाशकंदिलाच्या खोक्यात.

दिव्यांकडे बघायची सवयही बरी नाही. एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये, म्हणजे बाहेर कुठेतरी तुटलंय किंवा घरातच वाकलंय. फायबर म्हणजे काचेचा धागा. तो सुतळीसारखा घट्ट गुंडाळून, मिठाईच्या पुड्याचं रबर लावून, तोरणाच्या खिळ्याला अडकवला की दार कसं नीटनेटकं दिसतं. मग तक्रारीचा नंबर फिरवा. ‘पुढे खोदकामात केबल कट झालीये,’ असं उत्तर येईल. त्यावर लगेच विश्वास ठेवा, कारण नाशिकमध्ये ते कुठल्याही दिवशी खरं असू शकतं. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. खोदकाम काही त्याची वाट बघत नाही.

अर्थात ही सगळी वेळ काढायची साधनं. खरा उपाय भाचा. पंचवटीत कपालेश्वराच्या देवळात महादेवासमोर नंदी नाही, हे आपण पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. तिथे जे काय मागायचं ते थेट देवाकडे. कम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपल्याला नंदी लागतोच. त्याच्या कानात सांगितल्याशिवाय काही पुढे सरकत नाही. आमचा नंदी पुण्यात हिंजवडीला असतो. परवा त्याला व्हिडिओ कॉल लावला. हिने मोबाइल धरला, मी लॅपटॉपसमोर बसलो.

‘मामा, खाली उजव्या कोपऱ्यात विमान दिसतंय का?’

‘विमान ओझरला, विमानतळावर.’

‘मामा, चित्र. विमानाचं चित्र. चुकून ते बटण दाबलं गेलं की वाय-फाय बंद होतं. सकाळी कीबोर्ड वगैरे पुसलात का?’

पुसला होता. ओल्या फडक्याने, वरच्या ओळीतल्या बटणांवर जरा दाब देऊन. तिथे चहाचा ओघळ वाळला होता. पण हे कबूल केलं असतं तर सगळं प्रकरण माझ्या अंगावर आलं असतं. म्हणून मी म्हटलं, ‘नाही रे, लाइनचाच प्रॉब्लेम आहे. रस्ता खोदलाय ना.’

मग त्याने मला ड्रायव्हर, म्हणजे वाय-फाय चालवणारं सॉफ्टवेअर, काढून परत टाकायला लावलं, दोनदा. लॅपटॉप बंद-चालू केला, तीनदा. चाळीस मिनिटं झाली. हिचा हात दुखायला लागला, तिने मोबाइल घंगाळाच्या काठाला टेकवून ठेवला. चित्र कसं स्वच्छ. त्याच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं, १४ तारखेला दूधवाल्याचा खाडा होता.

‘मामी,’ तो अचानक म्हणाला, ‘हा कॉल कोणत्या नेटवर चालू आहे?’

मी मोबाइलकडे बघितलं. वरच्या कोपऱ्यात ते पंख्यासारखं चिन्ह होतं, काठोकाठ भरलेलं.

‘व्हॉट्सअ‍ॅपवर,’ मी म्हटलं.