भावोजी, ते थिनर आधी टाकीपासून लांब ठेवा

'जुन्या पिकअपवाल्यांनो, लुटीपासून वाचा' असा एक मेसेज सध्या रत्नागिरी-देवगड पट्ट्यात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: कॅटकॉन, म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमधला, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, चोंदला तर नवा घेऊ नका. डिझेलच्या टाकीत लिटरभर थिनर, म्हणजे रंग पातळ करायचं द्रावण, ओता, गाडी पळवा, आपोआप साफ होतो. नाही झाला तर कापून सरळ पाइप मारा, अॅव्हरेज चार किलोमीटरने वाढतं. पीयूसी तरीही मिळते. वर, आत सोनं असतं म्हणे.

असले मेसेज मी वाचून सोडून देतो. पण परवा हाच भावोजींकडून आला आणि खाली प्रश्न होता, 'थिनर आणलंय, ओतू का?' ऐन आंब्याच्या हंगामात, डिझेल पिकअपमध्ये!

तेव्हा आधी थिनर. टाकीत ओतलेलं काहीही सिलिंडरमध्ये जळतं. पातळ थिनर कॅटकॉनपर्यंत पोचून त्याला धूत बसत नाही. आत बारीक भोकांची सिरॅमिकची जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम-पॅलेडियमचा पातळ थर. ती चोंदते काजळीने आणि इंजिन ऑइलच्या राखेने. काजळी जळायला साधारण ६०० अंश उष्णता लागते. राख तर जळून उरलेलीच. चुलीतली राख पुन्हा पेटते का? आणि जाळी फुटली असेल तर थिनर ती सांधणार कसं?

उलट नुकसान मात्र नक्की. कॉमन रेल, म्हणजे जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या इंजिनाच्या, गाडीच्या हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. थिनरने ते मारलं जातं, पंप घासतो, त्याचा चुरा इंजेक्टरमध्ये जातो. रबरी पाइप आणि सील फुगतात ते वेगळंच. शिवाय डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, किमान ३५ अंश असावा असं भारतीय मानक सांगतं. थिनरमध्ये असणाऱ्या टोल्युइनचा जेमतेम ५ अंशांच्या आसपास. म्हणजे वैशाखात टाकीचं झाकण उघडाल तेव्हा भडकणारी वाफ तयारच. कॅटकॉनचा खर्च वाचवायला निघालेला माणूस पंप, इंजेक्टर आणि टाकी सगळंच उतरवून बसेल.

सरळ पाइपने गाडी मोकळी होते, हे अर्धं खरं. चोंदलेला कॅटकॉन काढला की आंबा घाटात गाडी खेचू लागणारच. पण नवा बसवला तरी जवळजवळ तेवढीच खेचेल. चार किलोमीटरचा हिशोब कोणी, कुठल्या लोडवर केला, ते मेसेजमध्ये नाही.

पीयूसीचंही नाइलाजाने कबूल करतो. डिझेलच्या पीयूसीत धुराची घनता मोजतात, कार्बन मोनॉक्साइड नाही. त्यामुळे कॅटकॉन नसलेली गाडी पास होऊ शकते. पेट्रोल-सीएनजीला मात्र कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, तिथे ही हुशारी चालायची नाही. आणि पीयूसी म्हणजे कायदा नव्हे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८२अ(४) काढून वाचा: मालकाने गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंगला, म्हणजे फिटनेस तपासणीला, उभं राहावं लागतं, हेही मेसेज लिहिणारा सोयीस्कर विसरला.

आता कामाचं. कॅटकॉन सहसा स्वतःहून मरत नाही. इंजेक्टर गळतोय का, टर्बो ऑइल फेकतोय का, हे आधी बघा. नाहीतर नवाही तसाच भरेल. गाडी थंड असताना कॅटकॉनच्या डब्यावर रबरी हातोडीने हलकं ठोका. आत खुळखुळलं तर जाळी फुटली. आपल्याकडे खाऱ्या हवेने फ्लँजचे, म्हणजे पाइपच्या जोडाचे, नट गंजून जाम होतात, मग गॅरेजवाला थेट गॅस कटर उचलतो. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारायला सांगा, आणि नवे स्टड (जोडाचे बोल्ट), नवं गॅस्केट (जोडातली सीलची चकती) मागा. जुनं गॅस्केट पुन्हा लावलं की धूर खालून गळणार, आणि केबिनच्या खाली गळणारा धूर केबिनमध्येच येतो.

सोनं? नाही. पण प्लॅटिनम, पॅलेडियम खरंच असतं, थोडंसंच, आणि भंगारवाल्याला त्याची किंमत पक्की ठाऊक असते. 'फुकट काढून देतो' म्हणणारा म्हणूनच इतका उदार. भावोजी, जुना डबा मागून घ्या आणि दोन ठिकाणी भाव विचारून मगच विका.